दर जानेवारीत खिडकीवरचं प्लॅस्टिक का सुटतं?

ऑक्टोबर संपत आला की आमच्याकडे दोन कामं एकाच शनिवार-रविवारी निघतात. स्वयंपाकघरात चकलीची भाजणी भिजलेली असते आणि बाहेरच्या खोलीत मी स्टुलावर उभी राहून खिडक्यांना पातळ पारदर्शक प्लॅस्टिक दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने चिकटवत असते. शिकागोतला हा माझा आठवा हिवाळा. विटांची तीन मजली इमारत, वय शंभरच्या पुढे, प्रत्येक मजल्यावर एक बिऱ्हाड, आणि आम्ही सगळ्यात वर. खिडक्या लाकडी, एकेरी काचेच्या, वर-खाली सरकणाऱ्या दोन झडपांच्या. आई पहिल्यांदा इथे आली तेव्हा तिने खिडकीकडे बघून विचारलं, "अगं, हिला काय झालंय? अशी गुंडाळून का ठेवलीस?" मग तिची तिलाच तिच्या माहेरची पडवी आठवली. मिरगाच्या आधी झड आत येऊ नये म्हणून तिथे झापं बांधायचे. "म्हणजे हे तेच की," म्हणाली. तेच. फक्त इथे पाऊस नाही, वारा अडवायचा असतो.

तर अडचण अशी. प्लॅस्टिक लावलं की पहिले दोन-तीन आठवडे छान जातात. काचेसारखं ताणलेलं, टिचकी मारली तर डफासारखं वाजतं. डिसेंबरात ते एखाद्या खिडकीवर फुगायला लागतं. जानेवारीत एका रात्री फट्ट असा आवाज येतो, सकाळी वरचा एक कोपरा लोंबत असतो. दुसऱ्या खिडकीत प्लॅस्टिक जागच्या जागी, पण आतली काच धुरकट, तिच्यावर पाणी, मग बर्फाची नक्षी, मग खालच्या लाकडावर काळे ठिपके. आणि हे सगळं करूनही खिडकीशेजारी बसलं की मानेवर गार वारा येतोच.

पाच हिवाळे मी टेपला शिव्या घातल्या. दुसऱ्या कंपनीची टेप आणली, रुंद टेप आणली, एकावर एक दोन थर लावले, एका वर्षी तर वरून पॅकिंगची तपकिरी टेप फिरवली (एप्रिलमध्ये ती काढताना रंगाचे पोपडे निघाले आणि घरमालकाने अनामत रकमेची आठवण करून दिली). टेपचा दोष फार कमी वेळा होता. खिडकीतून हवा वाहत होती आणि मी तिच्या वाटेत पडदा धरून उभी होते. म्हणून आता मी आधी प्लॅस्टिक कसं वागतंय ते बघते आणि त्यावरून खिडकीतली फट शोधते. टेपचा नंबर नंतर.

थोडं गणित करून बघा, म्हणजे टेपवर काय बेततं ते कळेल. ताशी २० मैलांचा वारा समोरून आला तर त्याचा दाब दर चौरस फुटाला साधारण १ पौंड होतो. तीन फूट बाय पाच फुटांची खिडकी म्हणजे १५ चौरस फूट. खिडकीच्या फटी मोठ्या असतील तर तो दाब काचेवर न थांबता आत प्लॅस्टिकवर येतो, म्हणजे १५ पौंड, जवळजवळ सात किलो. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानांतून आपण २० पौंडांचं तांदळाचं पोतं आणतो, त्याच्या पाऊणपट. तेही एकदा नाही, वाऱ्याच्या प्रत्येक झोताला. अर्ध्या इंचाच्या टेपने हे तीन महिने सोसावं अशी आपली अपेक्षा असते. खिडकीच्या फटी आधी बुजवल्या तर हाच दाब काच आणि लाकूड झेलतं आणि प्लॅस्टिकला फक्त आतली हवा स्थिर ठेवायचं काम उरतं. ते त्याला जमतं.

प्लॅस्टिक कुठे फुगतं, कुठे आत ओढलं जातं

वारा पडलेला असेल, बाहेर कडाक्याची थंडी असेल, अशी एक रात्र निवडा. दिवा तिरका धरून प्रत्येक खिडकीवरचं प्लॅस्टिक बघा. खोलीच्या बाजूला पोट आलंय की काचेकडे खपाटीला गेलंय?

घर तापलं की गरम हवा वर चढते आणि वरच्या मजल्यावरच्या फटींतून बाहेर पडते. तिची जागा घ्यायला खालच्या मजल्यांवरून गार हवा आत शिरते. अख्खी इमारत धुराड्यासारखी ओढत असते. त्यामुळे खालच्या मजल्यावर, अर्ध्या तळघरातल्या घरात तर विशेषच, प्लॅस्टिक खोलीकडे फुगतं. वरच्या मजल्यावर ते काचेकडे ओढलं जातं. माझी एक मैत्रीण आमच्याच भागात अशा तळघरातल्या घरात राहते. तिच्या खिडक्या शिडासारख्या फुगायच्या, पण काच कधी धुरकट होत नसे. आमच्याकडे वारा नसताना फुगवटा नाही, पण काचेवर पाणीच पाणी. आम्ही दोघी वर्षभर एकमेकींना आपापले उपाय सुचवत होतो आणि एकीचाही दुसरीला उपयोग होत नव्हता. तिच्याकडे बाहेरची कोरडी हवा आत येत होती, आमच्याकडे आतली दमट हवा बाहेर जात होती. दुखणी वेगळी, औषध एकच कसं लागू पडणार!

आता वाऱ्याच्या दिवशी पुन्हा बघा. जी खिडकी वाऱ्याच्या समोर आहे (इथे हिवाळ्यात बहुतेक वेळा पश्चिम किंवा वायव्य) तिचं प्लॅस्टिक झोताबरोबर हलत असेल तर त्या खिडकीला फट आहे. वारा असूनही प्लॅस्टिक ढिम्म असेल तर दोन शक्यता. खिडकी खरंच घट्ट आहे, किंवा टेपच कुठेतरी इतकी सुटली आहे की दाब साठायला जागाच नाही.

तिसरी खूण पंख्याची. न्हाणीघरातला एक्झॉस्ट आणि शेगडीवरचा पंखा दोन्ही लावा. घरातली हवा बाहेर ओढली गेली की सगळ्या फटींतून बाहेरची हवा आत येते आणि वरच्या मजल्यावरचं प्लॅस्टिकही फुगून दाखवतं. एक खबरदारी मात्र घ्या. घरात गॅसवरचा पाणी तापवायचा बंब किंवा घर तापवायची भट्टी असेल तर हे करताना ती बंद ठेवा, नाहीतर तिचा धूर धुराड्यातून वर जायचा तो उलटा घरात येऊ शकतो. इलिनॉयमध्ये २००७ पासून झोपायच्या खोलीपासून १५ फुटांच्या आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असणं कायद्याने बंधनकारक आहे. घर घट्ट बंद करायच्या आधी त्याचं बटण एकदा दाबून बघाच.

उदबत्ती

फट नेमकी कुठे आहे हे शोधायला इथे धुराची खास पेन्सिल विकत मिळते. आपल्या देव्हाऱ्यात तिच्याहून चांगली गोष्ट असते. पंखे चालू ठेवून उदबत्ती पेटवा आणि खिडकीच्या कडेकडेने सावकाश फिरवा, प्लॅस्टिकपासून चांगली वीतभर लांब. एकदा मी टोक टेकवलं होतं. भोक पाडायला अर्धा सेकंदही लागत नाही. शक्य असेल तर प्लॅस्टिक लावण्याआधीच, उघड्या खिडकीवर ही फेरी करा.

धूर आडवा, झटक्याने खोलीत ढकलला जात असेल तर तिथे फट. धूर संथपणे, एकाच चालीने खाली उतरत असेल तर ती फट नाही. गार काचेला लागून हवा थंड होते, जड होते आणि खाली ओघळते, त्याचा तो प्रवाह. मानेवर येणारा "वारा" निम्म्या वेळा हाच असतो. तिथे कितीही पुट्टी भरली तरी फरक पडत नाही, प्लॅस्टिकने मात्र पडतो, कारण खोलीतली हवा काचेपर्यंत पोचतच नाही. फटीचा वारा आणि काचेचा वारा यात गल्लत झाली की भलतीच दुरुस्ती होते. मी एक अख्खा रविवार अशा एका खिडकीच्या फटी भरण्यात घालवला आहे जिला फटच नव्हती.

उदबत्तीने मला आमच्या सगळ्यात त्रासदायक खिडकीचं गुपित सांगितलं. झोपायच्या खोलीतली ती खिडकी, दर वर्षी वरूनच सुटायची. मी वरच्या ट्रिमवर (खिडकीभोवतीची रुंद लाकडी पट्टी, तिच्यावरच टेप लागते) टेप घासून घासून बसवायचे. पंखे न लावताच उदबत्ती वर नेली आणि धूर सरळ चौकटीच्या माथ्यात गडप झाला. स्टुलावर चढून ब्लाइंडच्या (खिडकीवरच्या वर-खाली होणाऱ्या पडद्याच्या) मागे हात घातला तर बोटं बाहेरच्या गारठ्यात! वरची झडप पाऊण इंच खाली सरकली होती. या जुन्या खिडक्यांच्या झडपा दोरीला बांधलेल्या असतात, दोरी चौकटीतल्या कप्पीवरून जाते आणि तिच्या दुसऱ्या टोकाला भिंतीच्या पोकळीत बिडाचं वजन लोंबतं. दोरी कुजून तुटली की वरची झडप स्वतःच्या वजनाने दिवसाला केसभर खाली येत राहते. खालची झडप आपण रोज बघतो, वरची कोण बघतं? त्यात ब्लाइंडने ती झाकलेली. पाच वर्षं मी आकाशाला भोक असलेल्या खिडकीवर प्लॅस्टिक लावत होते.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. झडप दोन्ही हातांनी वर ढकलली, खाली दोन बाजूंना लाकडाचे छोटे ठोकळे आधाराला लावले, आणि मधली फिरती कडी घट्ट केली. ही कडी फक्त चोरासाठी नसते. ती दोन्ही झडपा मध्ये एकमेकींवर ओढून घेते आणि तिथली लांबच लांब फट बंद होते. कडी बसतच नसेल तर वरची झडप खाली आलेली आहे किंवा खालची पूर्ण बसलेली नाही, असं खुशाल समजा.

मग बाहेर बघा. बऱ्याच इमारतींत लाकडी खिडकीच्या बाहेर ॲल्युमिनियमची आणखी एक खिडकी असते, तिला इथे स्टॉर्म म्हणतात. तिच्यात दोन काचा आणि एक जाळी अशा तीन सरकत्या पट्ट्या असतात. उन्हाळ्यात जाळी खाली घेतलेली असते आणि नोव्हेंबरात ती तशीच राहते. आधीच्या भाडेकरूने ठेवली तशी आपण वर्षानुवर्षं ठेवतो. हिवाळ्यात काच खाली आणि जाळी वर, एवढं करून बघा. आमच्या सातपैकी तीन खिडक्यांना डिसेंबरात जाळी होती, म्हणजे बाहेरची खिडकी नावालाच. फक्त या स्टॉर्मच्या खालच्या कडेला दोन बारीक भोकं असतात ती बुजवू नका. आत शिरलेलं पाणी आणि बाष्प तिथूनच बाहेर पडतं.

उरलेल्या फटींसाठी मी दोरीच्या वेटोळ्यासारखी मिळणारी मऊ पुट्टी वापरते. ती वाळत नाही, बोटाने दाबून बसवायची, वसंतात ओढून काढायची. झडपेच्या दोन्ही बाजू, मधली जोडणी, आणि कप्पीभोवतीचं भोक. कप्पी विसरू नका. तिच्यामागे वजनाची अख्खी उभी पोकळी असते आणि तिच्यात बाहेरचीच हवा खेळत असते. कप्पीसमोर उदबत्ती धरून बघा, विझते की काय असं वाटेल.

आणि ट्रिमच्या बाहेरच्या कडेला, म्हणजे ट्रिम आणि भिंत यांच्यामध्ये धूर हलत असेल तर? ती फट प्लॅस्टिकच्या कक्षेतच नाही. खिडकीची चौकट आणि वीटकाम यांच्यातली पोकळी तिथे उघडते. तिथे ट्यूबमधली रंगवता येणारी ॲक्रिलिक पेस्ट भरायची. भाड्याचं घर असेल तर घरमालकाला विचारून. आमच्या मालकाने पेस्ट स्वतःच आणून दिली. हीटिंगचं बिल त्याचं असतं ना!

टेप खरंच सुटत असेल तर

फटी बुजवूनही कोपरे सुटत असतील तर मग टेपकडे वळा. कारणं बहुधा साधी असतात.

आपल्या घरांतलं पहिलं कारण फोडणी. स्वयंपाकघरातल्या आणि तिला लागून असलेल्या खोलीतल्या ट्रिमवर तेलाचा एक अदृश्य थर असतो. ओल्या फडक्याने तो जात नाही, नुसता पसरतो. आधी भांडी घासायच्या साबणाचं कोमट पाणी, मग कोरडं फडकं, मग औषधाच्या दुकानातलं रबिंग अल्कोहोल. फडकं पिवळं यायचं थांबेपर्यंत. आमच्या स्वयंपाकघरात तीन फडकी लागली. नवरा म्हणाला, "हा दिवाळीचा चिवडा आहे." मी म्हटलं, "गेल्या दिवाळीचा."

जुना रंग खडूसारखा हाताला लागत असेल तर टेप रंगाला चिकटते, पण रंग लाकडाला चिकटलेला नसतो. इथे एक गोष्ट गांभीर्याने घ्या. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या इमारतीत तुमच्या खिडकीवरच्या जुन्या थरांत शिसं आहे असं धरून चाला. कोरडा पॉलिशपेपर मारू नका, खरवडू नका, पोपडे ओल्या फडक्याने टिपून घ्या, आणि घरात रांगतं मूल असेल तर हे काम मुळीच स्वतः करू नका. रंग फारच सुटा असेल तर ट्रिम सोडून त्याच्या आतल्या बाजूला, चौकटीच्या टणक भागावर टेप लावायची जागा शोधा. पण ती झडपेवर लावू नका. झडपेवर लावली की झडप आणि चौकट यांच्यातली फट प्लॅस्टिकच्या बाहेर राहते आणि सगळं मुसळ केरात.

नक्षीची, पन्हळ्या असलेली ट्रिम असेल तर टेप त्या पन्हळ्यांवर पुलासारखी बसते आणि खालून बारीक बोगदे राहतात. कोपऱ्यावर प्रत्येक बोगद्यात तीच दोरी-पुट्टी चिमूटभर दाबा, मग वरून टेप. मागे कुणी सिलिकॉन भरलं असेल तर त्यावर कोणतीच टेप धरत नाही, तिथून अर्धा इंच सरकून लावा.

उरलं तापमान. लाकूड गार असताना लावलेली टेप बसल्यासारखी दिसते, बसत नाही. म्हणून पहिला बर्फ पडल्यावर धावपळ करण्यापेक्षा ऑक्टोबर बरा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे जातात, त्याच्या आत माझं काम झालेलं असतं. उशीर झालाच तर ट्रिमवरून आधी हेअर ड्रायर फिरवून लाकूड कोमट करून घ्या. टेप लावल्यावर तिचा वरचा कागद काढायची घाई करू नका. चमच्याच्या पाठीने ती सगळीकडून घासा आणि रात्रभर तशीच राहू द्या. मी दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिक चढवते. खिडकीखालीच रेडिएटर (खोली तापवणारा लोखंडी नळ्यांचा संच) असेल तर खालची टेप उलट उष्णतेने मऊ पडते, तिथे टेप ट्रिमच्या पुढच्या तोंडावर न लावता खालच्या फळीवर, शक्य तितकी काचेजवळ लावा.

हेअर ड्रायरबद्दल थोडंसं. प्लॅस्टिक उष्णतेने आक्रसतं, आणि आक्रसताना टेपला आतल्या बाजूला ओढतं. हाताने नीट न ताणता, चुण्या ठेवून चिकटवलं आणि मग "ड्रायर आहेच की" म्हणून तापवत बसलं, तर ती ओढ टेपला सोसत नाही. कोपरा जानेवारीत सुटतो, पण त्याची सुरुवात ऑक्टोबरमध्येच झालेली असते. आधी वरून लावा, मग दोघांनी मिळून बाजू ताणून लावा, मग खालची कड. चुकलं तर लगेच सोडवून पुन्हा लावा, पहिल्या काही मिनिटांत ते निघतं. ड्रायर दोन बोटं लांब, सतत हलता. सुरकुती गेली की थांबा. जास्तीचं प्लॅस्टिक सगळं आक्रसून झाल्यावरच कापा, आधी नाही. एका पाकिटात साधारण तीन बाय पाच फुटांच्या पाच खिडक्यांना पुरेल एवढं प्लॅस्टिक असतं, पण आपल्या खिडक्या मोजून मगच घ्या. या जुन्या घरांत पुढच्या खोलीच्या खिडक्या फसव्या उंच असतात.

आणि ब्लाइंड. तो प्लॅस्टिकच्या मागे जाणार असेल तर वर हवा की खाली हे आधी ठरवा. एका वर्षी मी तो बंद ठेवून सील केला आणि पाच महिने त्या खोलीत उजाडलंच नाही.

धुरकट काच

हे वरच्या मजल्यावरचं खास दुखणं. प्लॅस्टिक लावल्यावर पहिल्या दोन दिवसांत धुकं आलं आणि मग गेलं, तर काळजी नको. पावसाळी दिवशी लावलं असेल, लाकूड ओलसर असेल, ती ओल निघून जाते. पण थंडी वाढेल तसं धुकं वाढत असेल तर खोलीतली दमट हवा प्लॅस्टिकच्या मागे जाते आहे.

गंमत अशी की प्लॅस्टिक लावल्यावर मागची काच आधीपेक्षा जास्त गार होते. आधी खोलीची ऊब तिला मिळत होती, आता आपण ती अडवली. खोली २१ अंश सेल्सियस आणि आर्द्रता ४० टक्के असेल तर ती हवा ७ अंशांच्या आसपासच्या पृष्ठभागाला लागली की पाणी सोडते. बाहेर शून्याखाली १८ असताना एकेरी काच ७ अंशांच्या कितीतरी खाली असते. त्यामुळे टेपमधलं पेन्सिलच्या टोकाएवढं छिद्रही पुरतं. ते छिद्र शोधायचं तर धुकं कुठून सुरू झालं ते बघा, फटीच्या जवळची काच आधी भरते. आमच्याकडे दर वेळी वरचा कोपरा असतो, जिथे दोन टेपा एकमेकींना काटकोनात भेटतात आणि मध्ये सुईएवढी जागा राहते. तिथे टेपचा छोटा चौकोन आडवा लावला की संपलं.

पण आत अडकलेलं पाणी आपोआप जात नाही. एखाद्या उन्हाच्या, कोरड्या दिवशी खालचा एक कोपरा आणि वरचा एक कोपरा बोटभर उघडा, खालून ड्रायरची हवा मंद सोडा, बाष्प वरून निघून जाईल. काच स्वच्छ झाली की दोन्ही कोपरे ताज्या टेपने बंद. हे फट सापडल्यानंतरच करा, नाहीतर आठवड्याने पुन्हा तेच.

धुकं प्लॅस्टिकच्या खोलीकडच्या बाजूला असेल, म्हणजे बोटाने पुसता येत असेल, तर दोष टेपचा नाही, घरातल्या हवेचा. कुकरच्या शिट्ट्या, दिवसभर उकळणारा चहा, रेडिएटरवर वाळत टाकलेले कपडे, आणि कोरड्या खोकल्यासाठी लावलेला ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारं यंत्र. हवेतली आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र घ्या. कडक थंडीत मी ती ३० टक्क्यांच्या आसपास ठेवते. जाड पडदेही रात्री थोडे उघडे ठेवा. पडदा ओढला की त्याच्यामागे प्लॅस्टिक आणखी गार पडतं आणि तिथेच पाणी धरतं.

प्लॅस्टिकच्या हाताबाहेरचं

३० जानेवारी २०१९ ला शिकागोच्या ओहेअर विमानतळावर पारा शून्याखाली २३ फॅरनहाइटला गेला, म्हणजे जवळजवळ उणे ३१ सेल्सियस. तो आमचा दुसरा की तिसरा हिवाळा. तोवर झडपेचा उलगडा झालेला नव्हता. त्या रात्री आम्ही झोपायच्या खोलीचं दार बंद करून बाहेरच्या खोलीत गाद्या टाकल्या. अशा वेळी प्लॅस्टिककडून चमत्काराची अपेक्षा नको. शिकागोत १५ सप्टेंबर ते १ जून या काळात, हीटिंग घरमालकाकडे असेल तर दिवसा, सकाळी साडेआठ ते रात्री साडेदहा, किमान ६८ फॅरनहाइट आणि रात्री ६६ ठेवणं त्याला बंधनकारक आहे. खिडक्या नीट बंद करूनही खोली तेवढी तापत नसेल तर रेडिएटर बघायला हवा. आधी त्याला लेखी कळवा, दाद लागली नाही तर ३११ या शहराच्या तक्रार क्रमांकावर फोन.

खिडकीत बसवलेला एसी काढलेला नसेल तर बाकीचं सगळं वाचून उपयोग नाही, आधी तो काढा.

आणि सगळ्या खिडक्या बंद करू नका. आग लागली तर झोपायच्या खोलीची खिडकी ही बाहेर पडायची दुसरी वाट असते. प्लॅस्टिक हाताने फाटतं हे खरं, पण मी झोपायच्या खोलीतली एक खिडकी नुसती पुट्टी भरून, प्लॅस्टिकशिवाय ठेवते, आणि तिची कडी उघडते की नाही हे मुलाला करून दाखवलंय. स्वयंपाकघरातली खिडकी तर मोकळी हवीच. पहिल्या वर्षी तीही सील केली होती. मग एका रविवारी सुक्या मिरच्यांची फोडणी जरा जास्त झाली, ठसका, धूर, अलार्म, आणि आम्ही दोघं नखांनी टेप खरवडतोय.

काढताना एप्रिलच्या मध्यापर्यंत थांबा. टेपवरून ड्रायर फिरवत, भिंतीला समांतर, अगदी सावकाश ओढा. घाई केली की रंग येतो. काढताना खिडकीच्या आतल्या लाकडावर पेन्सिलीने बारीक खूण करते: कुठे फुगलं, कुठे धुकं आलं, कुठला कोपरा सुटला. ऑक्टोबरपर्यंत आपल्याला काहीही आठवत नसतं.

यंदा सात खिडक्यांपैकी पाचांवर प्लॅस्टिक आहे आणि फेब्रुवारी निम्मा सरला तरी एकही कोपरा सुटलेला नाही. फक्त बैठकीच्या खोलीतली डावी खिडकी पश्चिमेचा वारा सुटला की अजून जरा हलते. तिच्या लाकडावर पेन्सिलीने लिहून ठेवलंय: "कप्पी, वरची, पुट्टी कमी."